लोकल फंडाच्या एका आण्यापासून



आपल्या वार्षिक स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे व देणगीदारांची नामावली दरवर्षी छापली जाते, आणि ते उचितच आहे. परंतु ज्या पैशावर आपल्या मागील तीन-चार पिढ्या शाळेत बसल्या तो पैसा मुख्यत्वेकरून सरकारी होता. तो कोठून आला, कोणाकोणाच्या हातांतून गेला आणि अखेर मुलापर्यंत किती पोहोचला, हा इतिहास आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक आहे. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी तालुक्यातील प्राथमिक शाळांत गेली असल्यामुळे या इतिहासाचा अलीकडचा भाग त्याच्या डोळ्यांदेखत घडला. मागचा भाग वाचनाने जाणलेला आहे. दोन्ही जोडून येथे सादर करीत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, खेड्यातील शाळेस मिळणारे सरकारी साहाय्य ही मुळात सरकारची देणगी नव्हतीच. इ. स. १८६३ च्या सुमारास मुंबई सरकारने जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा अशी जादा पट्टी बसविली. तिलाच लोकल फंड म्हणत. तिचा दोन तृतीयांश भाग रस्ते व तत्सम कामांकडे आणि एक तृतीयांश भाग शाळांकडे जावा, अशी योजना होती. पनवेल तालुका त्या काळी ठाणे जिल्ह्यात होता. तो कुलाब्यात आला १८८३ साली. म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या जमिनीत भात पिकविणारा आपला आगरी शेतकरी रुपयामागे हा आणा भरीतच होता. त्याचा मुलगा शाळेत जात असो वा नसो, आणा मात्र चुकत नव्हता. आणि बहुतेकांची मुले जात नव्हती, हे सांगावयास पुराव्याची गरज नाही. आपल्या आजोबा-पणजोबांचे अंगठे जुन्या कागदांवर आहेत.

याच आण्याचा हिशेब महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारास विचारला. १८८२ साली हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग पुण्यास आला असता जोतीरावांनी १९ ऑक्टोबर रोजी लेखी निवेदन दिले. महसूल रयतेच्या घामाचा, आणि त्यातून होणारा शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. लोकल फंडाचा निदान अर्धा भाग प्राथमिक शिक्षणाकडे द्यावा, बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, आणि गरिबांनी मुले शाळेत धाडावीत म्हणून शिष्यवृत्त्या व बक्षिसे ठेवावीत, असे त्यांनी मागितले. आज शाळेत ज्या ज्या सवलती दिसतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या एका निवेदनात सापडते. मागणी झाली, ती मान्य होण्यास मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ गेला.

पैसा सरकारी असला तरी शाळेचे दार सर्वांस उघडे असेलच असे नव्हते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशाचा अर्ज केला, तेव्हा एका मुलाकरिता शाळा इतरांस निरुपयोगी होईल अशी सबब सांगून मुंबई सरकारने तो नाकारला. प्रकरण वरपर्यंत गेले आणि १८५८ साली असे ठरले की, ज्या शाळा केवळ सरकारी खर्चाने चालतात त्या सर्व जातींस खुल्या राहतील. ठरले कागदावर. त्यानंतर पासष्ट वर्षांनी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, रावबहादूर सीताराम केशव बोले यांस मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांस खुल्या करण्याचा ठराव मांडावा लागला. यावरून कागद व व्यवहार यांतील अंतर कळून येते. याच ठरावाची अंमलबजावणी आपल्याच जिल्ह्यातील महाडला १९२७ साली कोणत्या मार्गाने करावी लागली, हे सर्वश्रुत आहे.

त्याच १९२७ च्या मार्च महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कौन्सिलात शिक्षणखात्याच्या अनुदानावर जे भाषण केले, ते प्रत्येक शिक्षकाने मुळातून वाचावे असे आहे. अस्पृश्य विद्यार्थ्यांस सरकार शिष्यवृत्ती देते, या गोष्टीवर ते समाधानी नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, मुलाच्या नावे आलेली रक्कम गरीब आईबापांच्या हाती पडते व घरखर्चात जाते. मूल शाळेत टिकत नाही. त्यापेक्षा तोच पैसा वसतिगृहांकडे द्यावा. हे बोलणारा पुरुष गरिबी न पाहिलेला नव्हता. आईबापांस दोष देण्याचाही त्यांचा हेतू नव्हता. उपाशी घरात आलेला रुपया प्रथम चुलीकडे जाणार, पाटीकडे नाही, एवढेच त्यांनी ओळखले होते. पैसा पालकाच्या हाती द्यावा, शाळेच्या हाती द्यावा, की मुलाच्या मुखी थेट घालावा, हा प्रश्न तेव्हा जो निघाला तो आजतागायत सुटलेला नाही, आणि पुढील सारी हकीकत त्या प्रश्नाभोवतीच फिरते.

वसतिगृहाचा मार्ग त्यापूर्वीच काहींनी चोखाळला होता. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून जातिजातींच्या वसतिगृहांना आश्रय दिला व १९१७ मध्ये आपल्या संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. याच संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय १९७० साली पनवेलीस निघाले, आणि आपल्या समाजातील पदवीधरांची पहिली मोठी संख्या त्यातूनच बाहेर पडली. सरकारी बाजूस १९२८ साली स्टार्ट साहेबांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली, तीत डॉ. आंबेडकर व ठक्करबाप्पा हेही सभासद होते. समितीचा अहवाल १९३० च्या मार्चमध्ये आला. मागासलेल्यांचे तीन वर्ग त्यात मानले गेले : अस्पृश्य, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागासलेले. पुढे मागासवर्गीयांसाठी जे स्वतंत्र सरकारी खाते झाले, ते या अहवालाचे फळ होय. ‘इतर मागासवर्ग’ हा आपल्या दाखल्यांवरील शब्द इतका जुना आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४६ व्या कलमाने दुर्बल घटकांच्या शिक्षणाची काळजी राज्यावर सोपविली व १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने १५ व्या कलमात चौथे उपकलम घालून मागासवर्गांसाठी विशेष तरतुदीचा मार्ग मोकळा केला. शाळाही लोकल बोर्डाकडून स्कूल बोर्डाकडे व १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे आल्या. शिष्यवृत्त्या, फीमाफी, पुस्तके, आश्रमशाळा, सारे हळूहळू येत गेले. त्या प्रत्येकाची जंत्री देत बसल्यास स्मरणिकेची पाने पुरणार नाहीत. परंतु या सर्वांच्या दारावर जो एक पहारेकरी उभा राहिला त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अगत्याचे आहे. तो म्हणजे जातीचा दाखला.

महाराष्ट्रात जातीचा दाखला मागणाऱ्यास आपले कुटुंब ठरावीक दिवसापूर्वी येथे होते व त्या जातीचे होते, हे सिद्ध करावे लागते. अनुसूचित जातींसाठी हा दिवस १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि आपल्यासारख्या इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आता या दिवसांपूर्वीचा पुरावा खेड्यात कोठे मिळणार? एक तर तलाठ्याच्या दप्तरी, नाही तर शाळेच्या जनरल रजिस्टरात. प्राथमिक शाळेच्या लाकडी कपाटात वाळवीपासून वाचलेले ते लांबट रजिस्टर म्हणजे साऱ्या गावाची वंशावळच असते. विद्यार्थ्याचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल केव्हा झाला व नाव कमी केव्हा झाले, एवढे आठ-दहा रकाने. ते भरणाऱ्या मास्तरांस कल्पनाही नसेल की, आपल्या बोरूच्या एका फटकाऱ्यावर कोणाच्या तरी नातवाचे वैद्यकीय शिक्षण अवलंबून राहणार आहे. ज्या मास्तरांनी जातीच्या रकान्यात स्पष्ट ‘आगरी’ लिहिले त्यांनी मोठे उपकार केले. ज्यांनी नुसते ‘हिंदू’ लिहून रकाना सोडला, त्यांच्यामुळे पुढे कित्येक कुटुंबांना प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

आपल्या समाजाचे निभावले, याचे आणखी एक कारण होते. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी संपादनात गेल्या, आणि १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्याचे मोल येथे सांगण्याचे कारण नाही. पण जमीन गेली तरी जमिनीचे कागद राहिले. सातबारा, फेरफार, संपादनाचे निवाडे या कागदांत आजोबांचे नाव व गाव निर्विवाद होते. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी जी कागदपत्रे घरोघर गोळा झाली, तीच पुढे मुलांच्या दाखल्यांनाही उपयोगी पडली.

याच्या उलट गावाबाहेरच्या कातकरी वाडीचे पाहा. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘काथोडी’ व ‘कातकरी’ ही दोन्ही नावे आहेत. केंद्र सरकारने त्यांना विशेष दुर्बल जमातींत गणले आहे. म्हणजे साहाय्यावर पहिला हक्क त्यांचा. पण त्यांच्या नावे जमीन नाही, म्हणून सातबारा नाही. १९५० पूर्वी त्यांच्यापैकी जवळजवळ कोणी शाळेची पायरी चढलेला नाही, म्हणून रजिस्टरात नाव नाही. जो अधिकात अधिक वंचित, त्याच्याजवळच वंचित असल्याचा कागद नाही! अशा वेळी गृहचौकशी, पंचनामा, नात्यातील कोणाचा दाखला असल्यास त्याची नक्कल, असे मार्ग काढावे लागत. दाखल्यांची शिबिरे वाड्यांवर भरू लागली तेव्हा हे काम थोडे सुकर झाले. तरीही एका कातकरी मुलीचा दाखला हाती येईपर्यंत तिने शाळा सोडलेली असे, असे प्रसंग प्रस्तुत लेखकाने एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत.

आता पैशाच्या मार्गाकडे वळू. १९९२ साली महाराष्ट्र शासनाने पहिली ते चौथीतील मागासवर्गीय व दारिद्र्यरेषेखालील मुलींसाठी दर हजर दिवसास एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. पैसे पालकास मिळावयाचे, आणि हजेरी शेकडा ७५ हवी. रुपया लहान होता, पण योजना चांगली होती. मुलगी घरी भावंड सांभाळीत बसली तर तिचा रुपया बुडतो, हा हिशेब आईस पटत असे. मात्र तो रुपया पुढे पंचवीस वर्षे रुपयाच राहिला. तेवढ्या अवधीत पनवेलमधील जमिनीचा भाव कोठे गेला हे वाचक जाणतातच. पाचवी ते सातवीच्या अनुसूचित जाती व विमुक्त-भटक्या जमातींच्या मुलींसाठी दरमहा ६० रुपये आणि आठवी ते दहावीसाठी १०० रुपये अशी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीही त्याच दशकातील.

१९९५ मध्ये शालेय पोषण आहार आला. आरंभी ८० टक्के हजेरी असलेल्या मुलास महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यास मिळे. तांदूळवाटपाचा दिवस म्हणजे शाळेत बाजार भरल्यासारखा असे. आई, आजी, काखेत पोर घेतलेली मोठी बहीण, सगळ्या पिशव्या घेऊन ओट्यावर. तो तांदूळ घरातील सर्वांच्या पोटात जाई, म्हणजे डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली सांगितले तेच तांदळाचेही झाले. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न शाळेतच द्यावे असा आदेश दिला व त्यानंतर आपल्याकडे खिचडी शिजू लागली. चुलीचा धूर, लाकूडफाटा, भांड्यांची मोजदाद हे सारे शिक्षकांच्या गळ्यात पडले आणि शिक्षक कुरकुरले. कुरकुर अगदीच अनाठायी नव्हती. पण प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत असे आहे की, या शंभर-सव्वाशे वर्षांत सरकारी पैशातून निघालेल्या सर्व योजनांत मुलाच्या ताटापर्यंत नेमकी पोहोचलेली योजना हीच. मध्ये दाखला नाही, बँक नाही, अर्ज नाही. जो बसला तो जेवला, आणि सगळे एका ओळीत जेवले. वाडीवरची पोरे आणि गावातली पोरे शेजारी बसणे ही काही गावांत नवी गोष्ट होती. आरंभी कोणी घरून डबा पाठवू लागले. खिचडीचा वास सुटल्यावर डबे बंद झाले.

हजेरीच्या अटीविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. ७५ टक्के, ८० टक्के हे आकडे कचेरीत बसून ठरविताना कोणी वीटभट्टीचा विचार केलेला दिसत नाही. कातकरी कुटुंब पावसाळ्यात मालकाकडून उचल घेते आणि दिवाळी उलटली की बिऱ्हाड पाठीवर घेऊन भट्टीवर जाते. कोणी कोळसा पाडण्यास दूर जाते. परत येणे होळीनंतर, पुष्कळदा पावसाच्या तोंडावर. म्हणजे शाळेच्या वर्षातील निम्मे दिवस मूल गैरहजर, आणि हजेरीवर टांगलेली प्रत्येक सवलत त्याच्याच हातून निसटणार. यावर उपाय निघाले नाहीत असे नाही. विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने १९९० च्या दशकात ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवरच ‘भोंगा शाळा’ चालवून दाखविल्या. सर्व शिक्षा अभियानात हंगामी वसतिगृहाची सोय आली, जेणेकरून आईबाप भट्टीवर गेले तरी मूल गावी राहून शिकेल. जेथे गावात एखादी खमकी बाई सांभाळावयास मिळाली, तेथे हे चालले.

गणवेशाची कथा वेगळीच. पुष्कळ वर्षे शाळेतील सर्व मुली आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुले यांनाच दोन गणवेश मिळत. रक्कम वर्षास ४०० रुपये. वर्गातील उरलेली मुले, म्हणजे आपल्याकडे बहुधा आगरी, कोळी, कुणबी समाजाची दारिद्र्यरेषेच्या किंचित वर असलेली मुले, कोरी राहत. सात-आठ वर्षांच्या मुलास घटनेचे कलम समजावून सांगता येत नाही. ‘गुरुजी, मला का नाही?’ या प्रश्नास शिक्षकाजवळ उत्तर नसे. पदरचे चार पैसे घालून किंवा गावातील दात्यास गाठून ती त्रुटी भरून काढावी लागे. २०२३-२४ पासून राज्याने उरलेल्या मुलांनाही गणवेश लागू केला, हे फार बरे झाले. तत्पूर्वी २०१७ मध्ये गणवेशाचे पैसे मुलाच्या व आईच्या संयुक्त बँक खात्यावर जमा करण्याचे फर्मान निघाले होते. हेतू निर्मळ, मध्ये कोणी खाऊ नये. पण ४०० रुपयांसाठी खाते उघडावयास गेलेल्या एका आईस बँकेत ५०० रुपये शिल्लक ठेवावयास सांगितले गेले, आणि तीही एक दिवसाची मजुरी बुडवून आलेली. पुढे ती पद्धत मागे पडून पैसे पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले. २०२४-२५ मध्ये उलट टोक गाठले गेले : साऱ्या राज्याचे कापड एकत्र खरेदी करून वाटावयाचे. गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत व डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार परत समितीकडे सोपविण्याचा निर्णय झाला. आईच्या हाती, मुंबईच्या हाती, गावाच्या हाती. आठ वर्षांत पैशाने तीनही घरे पाहिली.

शाळेस मिळणाऱ्या अनुदानाचीही थोडी माहिती द्यावी. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकास साहित्यनिर्मितीसाठी वर्षास ५०० रुपये मिळत, आणि शाळेस वेगळे अनुदान. २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना आली तेव्हा हे सारे एकत्र करून पटसंख्येवर आधारलेले संयुक्त शाळा अनुदान सुरू झाले. शंभरच्या वर पट असेल तर ५० हजार, खाली असेल तर २५ हजार, आणि अगदी लहान शाळांस त्याहूनही कमी. डोकी मोजली जातात, गरज मोजली जात नाही. अठरा कातकरी मुलांच्या वाडीशाळेस कमी, आणि रस्त्यालगतच्या मोठ्या शाळेस जास्त.

इतर देशांत हा विचार निराळ्या रीतीने झालेला आहे. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन हे तरुणपणी टेक्सासमधील कोटुला या गावी गरीब मेक्सिकन मुलांचे शिक्षक होते. गरीब वस्तीतील शाळांस केंद्रीय पैसा देणाऱ्या कायद्यावर त्यांनी ११ एप्रिल १९६५ रोजी आपल्या बालपणीच्या शाळेत, आपल्या पहिल्या बाईंना शेजारी बसवून सही केली. इंग्लंडात २०११ पासून शाळेतील जितकी मुले गरीब घरची, तितक्या प्रमाणात शाळेस जादा रक्कम मिळते. २०२४-२५ मध्ये प्राथमिक शाळेस अशा एका मुलामागे ती १,४८० पौंड होती. ती कशी वापरावी हे मुख्याध्यापक ठरवितो : जादा शिकवणी, वाचनाचा तास, सकाळची न्याहारी, चांगला शिक्षक. परंतु काय केले व त्याचा काय उपयोग झाला, हे दरवर्षी जाहीर करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. आपल्याकडे मुख्याध्यापकास असा अधिकारही नाही आणि असा जाबही नाही. त्यास फक्त पावत्या जुळवावयाच्या असतात.

राहिला प्रश्न आज या पैशाशी आपला संबंध काय. आपल्या बहुतेक घरांतील मुले आता इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. त्यांतही शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्क्यांच्या जागांवर गेलेली काही आहेतच, ज्यांच्यापोटी सरकार शाळेस दर मुलामागे वर्षास १७,६७० रुपये देण्याचे ठरले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत जवळ सरकारी शाळा असल्यास खासगी शाळांस यातून सूट देण्याचा नियम निघाला, तो मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. गावची मराठी शाळा मात्र आता वाडीवरच्या मुलांनी आणि बांधकामावर आलेल्या परप्रांतीय मजुरांच्या मुलांनी भरलेली दिसते. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली, २९ गावे तीत गेली, ग्रामपंचायती संपल्या. तरी शाळेच्या आवाराबद्दल बोलणारा, नळ तुटला तर भांडणारा माणूस अजून गावचाच, म्हणजे पुष्कळदा आपल्यापैकीच असतो.

२००९ च्या कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित घटकांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. गणवेशाचे, दुरुस्तीचे, खर्चाचे ठराव याच समितीत होतात. वाडीवरच्या पालकाचे नाव पुष्कळ समित्यांत असते. परंतु सभा ठेवली जाते सकाळी अकरा वाजता, आणि त्या वेळी तो कामावर असतो. मग सहीसाठी वही संध्याकाळी वाडीवर पाठविली जाते. एका गावात आपल्याच समाजातील अध्यक्षांनी ही सभा रात्री आठ वाजता, वाडीच्या समाजमंदिरात घेण्यास सुरुवात केली. पहिल्या सभेस तीन बायका आल्या. दुसऱ्या सभेत त्यांपैकी एकीने विचारले की, भट्टीवरून पोरे परत येतात तेव्हा पुस्तकांचे वाटप होऊन गेलेले असते, तर त्यांचे संच आधीच बाजूला काढून ठेवता येतील की नाही. तसा ठराव झाला, आणि तेव्हापासून त्या शाळेत जनरल रजिस्टराच्या कपाटातला खालचा कप्पा त्या संचांसाठी राखलेला आहे.